गुरखा, गोरखा आणि लाहुरे

टिपणवही:
एका दिवाळी अंकासाठी १८५७च्या दिल्लीवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात इंग्रजांकडून लढलेली सिरमूर पलटण आहे. मी सगळीकडे 'गुरखे' लिहिलं होतं. संपादकांनी एकूण एक 'गोरखे' करून शेजारी शेरा मारलाय, "गुरखा म्हणजे वॉचमन." ते एक असो. माझी खरी अडचण 'लाहुरे' या शब्दाची आहे. परक्या फौजेत नोकरीला गेलेल्या गावच्या माणसाला नेपाळीत लाहुरे म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

रानवारा:
संपादकांचं बरोबर आहे. गावाचं नाव गोरखा, तेही गोरखनाथांवरून. पृथ्वीनारायण शाह तिथूनच काठमांडूवर उतरला. 'गुरखा' ही साहेबाच्या जिभेची करामत. आपल्या लष्करानेही स्वातंत्र्यानंतर स्पेलिंग बदलून 'गोरखा' केलं. मग मराठीनेच साहेबाचं उष्टं का सांभाळायचं?

अवकाळी:
आमचे आजोबा सांगायचे, गुरं राखतो तो गुराखी, माणसं राखतो तो गुरखा. मला तरी पटतं.

रानवारा:
ऐकायला छान आहे, पण व्युत्पत्ती नव्हे. राखणे आणि रक्ष एकाच मुळाचे, म्हणून भास होतो इतकंच.

मामलेदार:
साहेबाचं उष्टं नको म्हणता, तर 'पलटण' कुठून आला? कप्तान? तेही काढा. रूढ शब्द रूढ म्हणूनच शुद्ध असतो. आमच्या सोसायटीने पावसाळ्यात नवा गुरखा ठेवला, तो परभणीचा आहे. सगळे त्याला गुरखाच म्हणतात.

रानवारा:
नेमकं हेच. ज्यांनी शंभर लढाया मारल्या त्यांचं नाव आपण शिट्टी आणि काठीला चिकटवलं. वर प्रत्येकाला 'बहादूर' अशी हाक.

देहूरोडकर:
नोकरीत काही काळ गोरखा बटालियनच्या शेजारी होतो. ते स्वतःला गोर्खाली म्हणतात. 'जय महाकाली, आयो गोर्खाली' ऐकलं असेल. ही काही एक जात नव्हे. पश्चिम नेपाळचे मगर-गुरुंग, पूर्वेचे राई-लिंबू, आणि ९व्या रेजिमेंटला छेत्री-ठकुरी. खुकरी उपसली की रक्त लागल्याशिवाय म्यान होत नाही म्हणे! त्यांच्या लंगरमध्ये तिने मुळे चिरायचे.

आता शब्दाचं. १९४७ साली दहा रेजिमेंटांची वाटणी झाली, सहा आपल्याकडे आणि चार ब्रिटनकडे. आपण गोरखा लिहितो, ते अजून गुरखा लिहितात. आणि सिरमूर पलटण म्हणजे पुढची २ री रेजिमेंट, ती ब्रिटनच्या वाट्याला गेली. संपादकांना एवढं सांगा.

टिपणवही:
हे कामाचं आहे, आभार. लाहुरे?

अवकाळी:
दिल्ली म्हणजे हिंदूरावाचा वाडा आलाच असेल! रिजवरचा, म्हणजे दिल्लीच्या टेकडीवरचा. हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. मराठा सरदाराच्या वाड्यात नेपाळी शिपाई, समोर बंडवाले. तिथे आता हॉस्पिटल आहे.

देहूरोडकर:
होय, आणि त्या मोर्चावर सिरमूरच्या ४९० पैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. दबदबा बसला तो तिथून. भरती मात्र १८१५पासूनची, नेपाळशी लढता लढताच सुरू झालेली. देहरादूनजवळच्या नालापाणीच्या किल्ल्यात ज्यांनी रडवलं त्यांनाच पगारावर घेतलं.

पानगळ:
दबदबा कुणासाठी, हेही लिहा. लखनौ पाडायला नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर फौज घेऊन आलाच होता. १९१९मध्ये जालियनवाला बागेत गोळ्या झाडणाऱ्यांतही गुरखे होते. 'शूर, भोळे, हुकमाचे ताबेदार' हे वर्णन भरती करणाऱ्यांच्या सोयीचं आहे. तेच आपण वॉचमनला लावतो.

देहूरोडकर:
कांगोत सलारिया, लडाखच्या सिरिजापला धनसिंग थापा, कारगिलच्या खालुबारला मनोज पांडे. तिघेही गोरखा रेजिमेंटचे, तिघांनाही परमवीर चक्र. हे कुणाच्या सोयीचं?

पानगळ:
शौर्य नाकारलंय कुठे? वर्णनाबद्दल बोलतोय.

टिपणवही:
ला. हु. रे.

रानवारा:
लाहोरवरून आलाय. रणजितसिंगाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे. नालापाणी लढवणारा बलभद्र कुंवरसुद्धा शेवटी तिकडेच गेला आणि १८२३ला पेशावरजवळच्या नौशेऱ्यात पडला. मराठीत 'मुलूखगिरीवर गेलेला' म्हणा.

मामलेदार:
मुलूखगिरी म्हणजे स्वारी, तिथे पगाराची हमी कुठली? आमच्या कोकणात सरळ शब्द आहे, चाकरमानी. गाव मनिऑर्डरीवर जगतं, तो सुट्टीत येतो, अख्खी वाडी त्याच्याभोवती.

पानगळ:
चाकरमानी खांद्यावर बंदूक घेऊन गणपतीला येतो का?

अवकाळी:
आणि एकवचन चाकरमान्या ना? चाकरमानी हे अनेकवचन.

मामलेदार:
चाकरमान्या? 'चाकरमानी इलो' आणि 'चाकरमानी इले', दोन्ही चाकरमानीच. तुमचं गाव कुठलं?

अवकाळी:
आजोळ चिपळूण. आजोबा चाकरमान्याच म्हणायचे.

रानवारा:
गुराखीवाले आजोबाच ना हे?