‘भारतीय साहित्य’ अशी पाटी लावायची, तर त्या कपाटात कोणती पुस्तके ठेवावीत?

प्रश्न : तालुका-ग्रंथपाल

आमच्या सार्वजनिक वाचनालयाला एका देणगीदारांकडून नवे कपाट मिळाले असून त्यावर ‘भारतीय साहित्य’ अशी पाटी लावावी, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे. पाटी रंगवून आली, कपाटही जागेवर लागले, परंतु आत काय ठेवायचे यावर गेल्या दोन बैठकांत एकमत झालेले नाही. एका सदस्यांचे म्हणणे असे की, देशभर सर्वत्र वाचली जाणारी पुस्तके म्हणजे भारतीय लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्या, तेव्हा त्याच ठेवाव्यात. दुसऱ्यांना इतर भारतीय भाषांतून मराठीत आलेले अनुवाद हवे आहेत. मला स्वतःला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. मराठी पुस्तके बाजूच्या कपाटांत ‘मराठी’ या पाटीखालीच राहणार असतील, तर ती भारतीय साहित्यात मोडत नाहीत, असा अर्थ आपण नकळत वाचकांच्या मनात रुजवत नाही का?

निर्णयाला मदत व्हावी म्हणून मी आमच्याकडचे अनुवाद एका टेबलावर काढून त्यांच्या शीर्षकपानाची मागची बाजू तपासली. सर्वांत मोठा गठ्ठा बंगालीचा निघाला आणि त्यात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या बऱ्याच होत्या. त्याखालोखाल कन्नड होती. ओडिया, असमिया आणि मल्याळम मिळून जेमतेम एक ओळ भरली, आणि त्यांतील बहुतेकांवर ‘हिंदी अनुवादावरून’ किंवा ‘इंग्रजी अनुवादावरून’ असे बारीक टाइपात छापलेले होते. ज्या देशात इतक्या भाषा आहेत आणि ज्याने दीडशे-दोनशे वर्षे परकी राजवट सोसली, त्या देशाचे राष्ट्रीय साहित्य म्हणजे नेमके काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : सीमाभागातील शिक्षक

ग्रंथपाल महोदय, शीर्षकपानाची मागची बाजू पाहण्याची आपली पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या बारीक टाइपातच दडलेले आहे.

साहित्य अकादमीचे उद्घाटन १२ मार्च १९५४ रोजी झाले आणि ‘भारतीय साहित्य एकच आहे, जरी ते अनेक भाषांत लिहिले जात असले तरी’ अशा आशयाचे वाक्य तिने ब्रीद म्हणून स्वीकारले. आज अकादमी २४ भाषांना मान्यता देते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा आणि त्यांखेरीज इंग्रजी व राजस्थानी असा हा हिशेब आहे. ते ब्रीदवाक्य मला मनापासून प्रिय आहे, तरीही ‘एकच आहे’ या शब्दांनी एक अवघड काम आधीच पूर्ण झाल्याचा भास होतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. मूळ ग्रंथांना अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून मिळू लागले, तर अनुवादाचा पुरस्कार सुरू व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. ज्या कामामुळे हे साहित्य एक होऊ शकते, त्या कामाची दखल घ्यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला.

याचे मूळ वसाहतकाळात आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, आणि त्यांतून शिकलेल्या पिढ्यांनी आपापल्या भाषेतील लेखनाची तुलना इंग्रजीशी करायची सवय लावून घेतली. मराठी कवीची तुलना इंग्रज कवीशी होई, पण शेजारच्या धारवाडात त्याच वेळी काय लिहिले जात आहे याची चौकशी क्वचितच होई. प्रत्येक भाषेची वाट लंडनकडे उघडली गेली आणि शेजारच्या घरी जायचा बोळ मात्र बुजत गेला. ओडिया कादंबरी मराठीत इंग्रजीमार्गे येते, हा द्राविडी प्राणायाम त्याच सवयीतून आलेला आहे. इंग्रज येण्यापूर्वी परिस्थिती निराळी होती. तंजावरचे शहाजीराजे (शिवाजी महाराजांचे पुतणे, कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे, आणि त्यातील पात्रे पाच भाषांत बोलतात. प्रेक्षकांना त्या सगळ्या भाषा कमीअधिक उमगत असल्याखेरीज असे नाटक कोणी रचणार नाही.

एक छोटासा शब्द पाहावा. नॉव्हेल हा प्रकार आपल्याकडे इंग्रजी राजवटीत आला. बंगाली आणि हिंदीने त्याला ‘उपन्यास’ म्हटले, गुजरातीने ‘नवलकथा’, तमिळने ‘नावल’. मराठीने बाणभट्टाच्या नायिकेचे नाव उचलून ‘कादंबरी’ हा शब्द रूढ केला आणि कन्नडमध्येही तोच शब्द चालतो. ‘उपन्यास’ म्हणजे कन्नड माणसाला व्याख्यान वाटते. माझ्या वर्गात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही घरांतील मुले बसतात. ‘कादंबरी’ हा शब्द दोघांचाही आहे हे सांगितले की ती एकमेकांकडे वळून पाहतात, आणि मला त्या क्षणी माझा विषय शिकवून झाल्यासारखे वाटते.

आपल्या कन्नड गठ्ठ्यात उमा कुलकर्णी यांचे अनुवाद नक्कीच असतील. त्यांचे पती विरूपाक्ष त्यांना कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि त्या ते कानांनी ऐकून मराठीत उतरवत. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत पोचल्या त्या अशा एका घरातल्या मोठ्याने वाचण्यातून. विरूपाक्षांनी उलट दिशेने मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. राष्ट्रीय साहित्य कशाला म्हणावे, असे कोणी विचारले की मला ते घर आठवते.

उत्तर २ : पुण्याची वाचक

इंग्रजीविषयी थोडे लिहिते. इंग्रजी परकी म्हणून कपाटाबाहेर ठेवावी, असे मला वाटत नाही. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा संग्रह १९७६ साली इंग्रजीत आला आणि त्याच कवीच्या ‘भिजकी वही’ला २००५ चा अकादमी पुरस्कार मराठीसाठी मिळाला. खंडोबाच्या पायऱ्या इंग्रजीत आल्या म्हणून त्या पुरंदर तालुक्यातून उठून गेल्या नाहीत. दिलीप चित्रे यांना १९९४ साली एकाच वेळी दोन अकादमी पुरस्कार मिळाले, एक मराठी कवितेसाठी आणि दुसरा तुकोबांच्या अभंगांच्या इंग्रजी अनुवादासाठी. अशा कवींचे आपण दोन तुकडे करून दोन कपाटांत ठेवणार आहोत का?

माझी हरकत आहे ती इंग्रजीने सगळ्यांच्या वतीने बोलण्याला. १९९७ साली स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त सलमान रश्दी यांच्या सहसंपादनाखाली भारतीय लेखनाचा एक इंग्रजी संग्रह निघाला. त्यात अनुवादित म्हणून एकच कथा होती, मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’. भारतीय भाषांतील लेखनापेक्षा इंग्रजीतले लेखन अधिक सकस आहे, असे मत रश्दींनी त्या वेळी मांडले होते. मुंबईत उमेदीची वर्षे काढून फाळणीनंतर लाहोरला गेलेल्या उर्दू लेखकावर सगळ्या भाषांच्या वतीने एकट्याने उभे राहण्याची वेळ यावी, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या सदस्यांना कृपया हे उदाहरण सांगावे.

उत्तर ३ : मडगावचा वाचक

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत होऊनही मला एक काळजी व्यक्त करावीशी वाटते. अकादमीची २४ भाषांची यादी आपण कपाटाची चौकट म्हणून घेतली, तर त्या यादीबाहेरचे आपोआप नाहीसे होते, आणि गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे फार जवळून दिसते.

फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि ते आहे मराठी ओवीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. १८६६ साली फ्रान्सिस्कु लुईस गोमिश या गोमंतकीयाने ‘ओश ब्रामानिश’ ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली. आता विचार असा करावा की, इंग्रजांची भाषा म्हणून आलेली इंग्रजी आज आपल्या राष्ट्रीय यादीत सन्मानाने बसली आहे. मग पोर्तुगिजांची भाषा म्हणून आलेली पोर्तुगीज त्या यादीत नसल्यामुळे गोमिश यांचे पुस्तक भारतीय ठरत नाही का? मला तरी ते भारतीयच वाटते, कारण ते येथल्या जातिव्यवस्थेविषयी आणि परक्या सत्तेविषयी बोलते.

कोकणीला अकादमीने मान्यता दिली ती १९७५ मध्ये, आणि आठव्या अनुसूचीत ती आली १९९२ मध्ये. तोवर ती स्वतंत्र भाषा आहे की मराठीची बोली, या वादात आमच्या घराघरांत भांडणे झाली. त्यात मराठी मंडळींकडूनही कोकणीचा अवमान झाला, हे मी स्वतः मराठी वाचक असूनही प्रांजळपणे नोंदवतो. ज्यांच्या मराठी कविता महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या, त्या बा. भ. बोरकरांना अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८१ साली ‘ससाय’ या कोकणी संग्रहासाठी. ‘ससाय’ आपल्या वाचनालयात आहे का, हे एकदा पाहावे. लिपी देवनागरीच आहे. मराठी वाचकाला पहिल्या दहा पानांत थोडे अडखळायला होईल, नंतर होणार नाही.

आणि यादीत मुळीच नसलेल्या भाषांचे काय? भिलोरी (भिल्ल समाजाची बोली) आणि मराठी या दोन्ही भाषांत कविता लिहिणारे वाहरू सोनवणे आपल्याच नंदुरबार भागातले आहेत. त्यांच्या भिलोरी कवितेला कोणत्या कपाटात जागा मिळणार?

उत्तर ४ : चंद्रपूरहून एक निवृत्त कामगार

मी प्राध्यापक नाही, आयुध निर्माणीच्या परिसरात आयुष्य गेले. तरी या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे, ती लिहितो.

ओमप्रकाश वाल्मीकि हे उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातले, हिंदीचे लेखक. तरुणपणी ते अंबरनाथच्या प्रशिक्षण संस्थेत आले, वसतिगृहात राहिले आणि तेथे मराठी दलित साहित्याशी त्यांची गाठ पडली. दया पवार, नामदेव ढसाळ, बाबूराव बागूल यांच्या शब्दांनी आपल्या आत काय उलथापालथ केली, हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी चंद्रपूरच्या निर्माणीत अनेक वर्षे नोकरी केली. ते आत्मकथन, ‘जूठन’, १९९७ साली आले. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १९७८ मध्ये, मराठीत दया पवारांचे ‘बलुतं’ आले होते, आणि हिंदीत ते ‘अछूत’ या नावाने गेले होते.

या प्रवासात कोणा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाची गरज पडली नाही. एका हिंदी तरुणाने मराठी पुस्तक हातात घेतले, भाषा पुरती येत नसताना मित्रांना विचारत विचारत वाचले, आणि हिंदीला एक नवे दालन मिळाले. मी ‘जूठन’ वाचनालयातून आणून रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचले होते. डब्याचे झाकण उघडे तसेच राहिले आणि भोंगा झाला, हे मला अजून आठवते. शाळेत हेडमास्तर त्या मुलाला झाडू देऊन मैदान झाडायला लावतात, तो प्रसंग वाचताना मी कोणत्या भाषेत वाचतो आहे याचे भान उरले नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की, ‘बलुतं’ आणि ‘जूठन’ या कपाटात शेजारी शेजारी ठेवावीत, एक मराठीत आणि एक हिंदीत. आपल्याकडचा वाचक हिंदी वाचू शकतो. प्रत्येक गोष्टीचा अनुवाद होईपर्यंत थांबायची गरज नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : तालुका-ग्रंथपाल

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. काल मी कार्यकारिणीपुढे ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. ठरले ते असे. मांडणी मूळ भाषेनुसार होईल आणि मराठीलाही त्यात एक खण असेल, म्हणजे माझी पहिली शंका मिटते. ‘जेजुरी’ मराठीच्या खणात कोलटकरांच्या इतर संग्रहांसोबत राहील. ‘बलुतं’ आणि ‘जूठन’ यांचे खण वेगळे असले तरी ते एकमेकांना लागून ठेवले आहेत. यादीत नसलेल्या भाषांसाठी तळाचा खण मोकळा ठेवावा अशी सूचना आली होती, परंतु ती पुस्तके वाकून शोधावी लागू नयेत म्हणून मी तो खण डोळ्यांच्या उंचीवर घेतला आहे. ‘ससाय’ आमच्याकडे नव्हते, ते मागवले आहे.

प्रत्येक अनुवादाच्या आतल्या पानावर तो थेट मूळ भाषेतून आला आहे की मधल्या भाषेवरून, हे मी पेन्सिलीने लिहीत आहे. ओडियाच्या खणात सध्या तीन पुस्तके असून तिन्हींवर ‘हिंदीवरून’ असे लिहावे लागले. फकीरमोहन सेनापती यांची ‘छमाण आठगुंठ’ ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली कादंबरी, किंवा कोणतेही ओडिया पुस्तक, थेट ओडियावरून मराठीत आल्याचे कोणास ठाऊक असल्यास अनुवादक आणि प्रकाशक यांची नावे येथे अवश्य कळवावीत.