पाकिटाचे टाके पुढून छान, मागून वेडेवाकडे. चूक हाताची की हत्यारांची?

अर्धाटाका

नमस्कार मंडळी. गेले चार महिने चामड्याचं हातकाम शिकतोय, म्हणजे व्हिडिओ बघायचे आणि चामडं वाया घालवायचं असं चाललंय. समोर बसून शिकवणारं कोणी नाही म्हणून इथे विचारतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

काल दुसरं पाकीट पूर्ण झालं. पुढून टाके बऱ्यापैकी आलेत, सगळे एका अंगाला झुकलेले. पण उलटं केलं की बघवत नाही. मागचे टाके काही सरळ, काही तिरपे, आणि मुळात रेघच नागमोडी. एका कोपऱ्यात तर भोक कडेच्या इतकं जवळ गेलंय की आज ना उद्या फाटणारच. दुसरं दुखणं कडांचं. पॉलिश पेपर मारला, पाणी लावून लाकडी दांड्याने अर्धा तास घासलं, खांदा भरून आला पण कड काही चकाकत नाही, उलट जास्तच केसाळ होते.

साहित्य सांगतो. भोकं पाडायला चार दातांची आणि दोन दातांची अशा दोन छिन्न्या, दातांमधलं अंतर ४ मिमी. घरातली लोखंडी हातोडी, खाली लाकडी फळी. शिवणकामाच्या सुया आणि शिलाई मशीनचा दोरा दुहेरी करून. चामडं दीड मिमी जाडीचं, तीन थर. विकणाऱ्याने 'अस्सल लेदर' एवढंच लिहिलं होतं, बाकी काही माहिती नाही.

आता भारीतल्या छिन्न्या घ्याव्यात की सरळ मशीन बघावं?

रापीवाला

छिन्न्या बदलू नकोस रे भाऊ, निदान आत्ता तरी नको. साडेचार मिमीचा थर आहे तुझा. ठोकताना छिन्नी दहा अंश कलली तर तेवढ्या जाडीत मागचं भोक जवळजवळ ०.८ मिमी सरकतं. एकदा इकडे कलली, पुढच्या वेळी तिकडे, झाली मागची रेघ नागमोडी. छिन्नी कितीही भारी असली तरी उभी तूच धरणार ना.

मी सुरुवातीला काय करायचो तर सुताराचा काटकोन बघायचा छोटा गुण्या असतो तो शेजारी उभा ठेवायचो आणि डोकं खाली आणून बाजूने बघायचो, मगच पहिला ठोका. पहिला हलका. दात जरा रुतले की परत बघायचं, मग जोरात दोन. आपण वरून बघून ठोकतो तिथेच घोळ होतो, वरून सगळं सरळच दिसतं.

आणि ती लोखंडी हातोडी सोड बाबा. छिन्नीचं डोकं फुलारतं तिने, शिवाय ठोका उसळतो. लाकडाची मोगरी किंवा नायलॉनचा हातोडा घे. खाली फळीच्या ऐवजी जाड प्लास्टिकचा कटिंग बोर्ड ठेव आणि त्याखाली काहीतरी जड, दगडाची लादी वगैरे. फळी दबते, दात मऊ-कडक रेषांमधून वाट काढतात. दातांना मधूनमधून मेण चोळ, अडकलेली छिन्नी हलवून हलवून काढताना भोकं मोठी होतात ती होणार नाहीत.

निळी_आरी

रापीवाल्यांचं बरोबर आहे पण ते फक्त रेघेबद्दल झालं. काही टाके सरळ काही तिरपे हे वेगळं दुखणं आहे आणि ते शिवण्यातलं आहे.

छिन्नीचे दात तिरपे असतात म्हणून भोकही तिरपी चीर असते. पुढून ती चीर उजवीकडे झुकलेली असेल तर चामडं उलटं केल्यावर डावीकडे झुकलेली दिसते. म्हणजे पुढे जी गोष्ट टाक्याला तिरपं करते तीच मागे त्याला सरळ करते. साध्या पद्धतीने शिवलं तर मागचे टाके जवळपास सरळ येणारच, त्यात तुमची काही चूक नाही. चूक आहे ती 'काही सरळ, काही तिरपे' होण्यात, कारण त्याचा अर्थ तुम्ही मधेच क्रम बदलताय.

खोगीर टाका म्हणजे एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जाणार. माझी पद्धत सांगते. मागची सुई आधी पुढे आणते, दोरा ओढून घेते, मग पुढची सुई त्याच भोकात पहिल्या दोऱ्याच्या खालच्या अंगाने घालते. तुम्ही वरच्या अंगाने घाला, पुढची सुई आधी घाला, काहीही चालेल, पण पहिल्या टाक्याला जे केलं तेच शेवटच्या टाक्याला. मधे फोन आला, उठलात, परत येऊन उलट सुई आधी घातली की तो एक टाका उंदराने कुरतडल्यासारखा वेगळा दिसतो. मी अजूनही उठायचं असेल तर टाका पूर्ण करूनच उठते.

मागेही तिरपे हवे असतील तर दर टाक्याला पहिल्या दोऱ्याचा एक फेरा दुसऱ्या सुईवरून घ्यायचा आणि मग ओढायचं. भोकाच्या आत अर्धी गाठ बसते आणि मागचा टाका झुकतो. वेळ जास्त लागतो. आधी फेरा न घेता पन्नास टाके एकसारखे येऊ द्या, मग या भानगडीत पडा.

तुमच्या सुया मात्र टाकून द्या, त्यांना टोक आहे. दुसरी सुई घालताना टोकदार सुई पहिल्या दोऱ्यात घुसते, दोरा चिरतो आणि टाका ओढलाच जात नाही. चामड्याच्या सुया बोथट असतात, भोक आधीच पाडलेलं असतं त्यामुळे टोकाचं काम नाही. दुसरी सुई अर्धी घातली की पहिला दोरा हलवून बघायचा, मोकळा सरकला तर ठीक, नाहीतर सुई मागे घ्यायची.

अर्धाटाका

बापरे, दोरा चिरण्याचं अगदी असंच होत होतं! मला वाटायचं भोक लहान आहे म्हणून अडकतंय, मग पक्कड लावून ओढायचो. दोन सुया त्यातच मोडल्या.

दोरा किती जाडीचा आणि किती लांब घ्यायचा? मी दर वेळी कमी पडेल म्हणून हातभर जास्त घेतो आणि मग गुंता.

निळी_आरी

४ मिमीच्या टाक्याला ०.८ मिमी, ३ मिमीला ०.६. मेण लावलेला पॉलिएस्टर घ्या किंवा लिननचा. पॉलिएस्टरची टोकं शेवटी लायटरने वितळवून दाबून टाकता येतात, लिननला ते जमत नाही, तिथे दोन-तीन टाके उलटे घालून थेंबभर गोंद. मशीनचा दोरा दुहेरी केला तर दोन पदर कधीच एकसारखे ताणले जात नाहीत, एक सैल राहतो आणि तोच आधी झिजतो.

लांबीचा हिशोब सोपा आहे. एका टाक्याला पुढे ४ मिमी आणि मागे ४ मिमी दोरा लागतो. भोकातून दोन दोरे जातात, जाडी ३ मिमी असेल तर ते झाले ६. एकूण १४ मिमी, म्हणजे शिलाईच्या लांबीच्या साडेतीन पट. तुमच्या साडेचार मिमीच्या थराला १७ मिमी, सव्वाचार पट. वर दोन्ही सुयांसाठी आणि शेवटी धरायला मिळून दोन वीत धरा. पाकिटाची लांब शिलाई एका दोऱ्यात नाही झाली तरी चालतं, दोन टाके एकावर एक घेऊन नवा दोरा सुरू करायचा. पूर्ण हात पसरून बसेल त्यापेक्षा लांब दोरा मी घेतच नाही, दर टाक्याला तेवढं लांब ओढत बसलं की मेणही निघून जातं आणि दोरा फुलतो.

जुनंखोड

सगळे टाक्यांवर बोलताहेत, कडांकडे कोणी बघितलंच नाही.

अर्धाटाका, एक काम करा. उरलेल्या चामड्याचा तुकडा ताज्या पात्याने काप आणि कापलेली कड उजेडात धर. मधोमध निळसर करडी रेघ दिसते का? आणि आतली खरबरीत बाजू आहे तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून मिनिटभर थांब. थेंब आत मुरून डाग काळपट झाला का तसाच बसून राहिला ते सांग. (अहो-अरे दोन्ही झालं, वयाचा दोष.)

अर्धाटाका

काका, अरेच म्हणा.

बघितलं. वरून तपकिरी, मधे चक्क राखाडी-निळी रेघ आहे, इतके दिवस दिसलीच नव्हती. पाण्याचा थेंब तसाच बसून होता, मग मी पुसला.

जुनंखोड

मग झालं निदान. हे क्रोमने कमावलेलं चामडं आहे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात तेव्हा कातडं आधी निळसर होतं आणि मग त्याला रंग देतात, रंग आतपर्यंत पोचला नाही की ती रेघ राहते. मऊ असतं, पाण्याला बरं असतं, पण त्याची कड घासून चकाकत नाही. अर्धा तास काय, आठवडाभर घासलंस तरी नाही. कड घासून गुळगुळीत होते ती झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याची, व्हेज टॅन म्हणतात ते. त्यात ओल्या कडेचे तंतू दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने एकमेकांना चिकटून बसतात. क्रोमचे तंतू लवचिक, दाबले की परत उठतात, तेच तुला केस दिसताहेत.

'अस्सल लेदर' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. चामडं आहे एवढंच कळतं त्यातून, कसं कमावलं, कुठल्या अंगाचं, काही नाही. माझ्याकडे असाच एक मोठा तुकडा आला होता, पट्टा करायला घेतला, तर पोटाकडचं निघालं. महिन्याभरात दोन भोकं लांबला. पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापावा, तिथे ताण कमी घेतो.

आता या पाकिटाचं काय करायचं, तर दोन वाटा. एक, कडेचा रंग मिळतो तो लावायचा. एकच जाड थर देऊ नकोस, सोलून निघतो. पातळ थर, पूर्ण वाळू दे, ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका, परत थर, असं तीन-चारदा. दुसरी वाट पुढच्या पाकिटासाठी, बाहेरचं चामडं कडेला तासून अर्ध्या मिमीपर्यंत पातळ करायचं आणि ८-१० मिमी आत दुमडून शिवायचं. दिसतं सुरेख, पण रापीला, म्हणजे चामडं तासायच्या पात्याला, धार हवी.

रापीवाला

काकांनी माझ्या नावाला हात घातला म्हणून. क्रोमचं चामडं तासणं नवख्याला जडच जातं, मऊ असतं, पात्यापुढे ढकललं जातं आणि मग एकदम भोक. शिकायचं असेल तर आधी व्हेज टॅनच्या टाकाऊ पट्ट्यांवर तास. खाली काच किंवा ग्रॅनाइटचा गुळगुळीत तुकडा, रापी जवळजवळ आडवी, ढकलायची कमी आणि सरकवायची जास्त. साल लांबच लांब कागदासारखी निघाली तर धार बरोबर. भुगा पडला, चामडं सुरकुतलं की थांबायचं आणि पट्टीवर धार ओढायची. मी लाकडाच्या फळीवर चामड्याची पट्टी चिकटवून त्यावर धार घासायची हिरवी पेस्ट चोळून ठेवलीये, दर पाच-दहा मिनिटांनी आठ-दहा हात मारतो. पातं मागे ओढायचं हं, धारेच्या दिशेने ढकललंस तर पट्टीच कापली जाईल.

आणि दीड मिमीचे तीन थर कशाला? बाहेरचं १ ते १.२ आणि आतले कप्पे ०.६ ते ०.८ ठेव. पाकीट खिशात मावेल आणि छिन्नीला एवढी जाडी भेदावी लागणार नाही, अर्धी नागमोड तिथेच कमी होईल.

निळी_आरी

मशीनचं कोणी बोललंच नाही. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मधे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सुटत जातात. खोगीर टाक्यात एक पदर झिजून तुटला तरी दुसरा त्याच भोकांमधून गेलेला असतो, तो धरून ठेवतो. शिवाय चामडं शिवणारं मशीन हे कपड्याच्या मशीनपेक्षा वेगळं प्रकरण आहे. दोन पाकिटांवर मशीन घेऊ नका हो.

अर्धाटाका

सगळ्यांचे आभार, आज रविवार त्यात घातला. पाकीट बाजूला ठेवलं आणि दोन पट्ट्या चिकटवून नुसती एक सरळ शिलाई केली. एक मित्र घोड्याच्या खोगिराचं काम करतो, त्याच्याकडून बोथट सुया आणि हातभर व्हेज टॅन मिळालं. गुण्या ठेवून भोकं पाडली. बत्तीस टाके. मागची रेघ पहिल्यांदा सरळ आली, सतराव्या टाक्याला मात्र दार वाजलं म्हणून उठलो आणि तो बरोब्बर उलटा पडलाय, निळी_आरी ताई, तुमचा उंदीर.

कड २२०, ४००, ६०० असे पेपर मारून, जरासं पाणी लावून घासली, पाच मिनिटांत चकाकायला लागली, विश्वासच बसेना. पण ओल्या कडेवर लोखंडी पट्टी टेकवून ठेवली होती तिथे निळसर काळा डाग पडलाय. धुतला तरी जात नाही. हे काय आता?

जुनंखोड

लोखंड आणि सालीतलं टॅनिन, ओल मिळाली की काळं होणारच. लोक स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा, व्हिनेगरमध्ये भिजवून त्याच पाण्याने मुद्दाम चामडं काळं करतात. ताजा डाग असेल तर लिंबाचा रस कापडाच्या बोळ्याने हलकेच फिरव, मग साध्या पाण्याने पुसून घे. फिका होईल. नाहीच गेला तर अख्खी कडच काळी कर, कोणाला कळणार आहे.