अढीतले आंबे आणि दाराशी घरटे : सणावारी घरी आलेल्या जिवांचे अनुभव

निमंत्रण आणि पहिला अनुभव – सहकारनगर

मराठी घरात सण आठवतात ते त्या दिवशीच्या गोडावरून. संक्रांत म्हणजे गुळपोळी, पाडवा म्हणजे श्रीखंड, नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात. त्याच दिवसांशी काही जीवही परंपरेने जोडलेले आहेत: नागपंचमी नागाची, वसुबारस गाय-वासराची, पितृपक्ष कावळ्याचा. याखेरीज पूजेत स्थान नसलेले, पण आपल्या परसात, गच्चीत आणि माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कितीतरी प्राणी-पक्षी घरच्या कार्याच्या दिवशी नेमके समोर येतात. अशा प्रसंगांचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. पदार्थ घरी कसा केला जातो तेही अवश्य लिहावे, आणि त्या जिवासाठी घराने काय बदलले, हे तर नक्कीच लिहावे. ज्या घरट्यांत सध्या अंडी किंवा पिल्ले आहेत, त्यांचा नेमका पत्ता मात्र कोणी देऊ नये.

आरंभ मी करते. आमचे घर तळजाई टेकडीच्या उताराजवळ आहे आणि श्रावणात परसातले गवत गुडघ्यापर्यंत वाढते. नागपंचमीला आमच्याकडे चिरणे, तळणे आणि जमीन खणणे वर्ज्य असते, त्यामुळे त्या दिवशी पुरणाची दिंडे होतात. वाटीभर हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून, वाटीभर गूळ घालून, वेलची-जायफळ लावून पुरण आटवायचे, कणकेची पातळ पारी लाटून त्यात ते ठेवायचे, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडी करायची आणि चाळणीत हळदीचे पान अंथरून पंधरा मिनिटे वाफवायची. पानाचा वास पारीत उतरतो, म्हणून आमच्या परसात हळदीचे चार कंद दरवर्षी राखलेले असतात.

एका नागपंचमीला सासूबाई पाटावर चंदनाने नाग काढत असताना परसातल्या विटांच्या ढिगाशेजारून एक लांब, पिवळसर तपकिरी साप सावकाश सरकताना दिसला. घरात लहान मुले होती, त्यामुळे आम्ही दार लावून घेतले आणि ओळखीच्या सर्पमित्रांना बोलावले. त्यांनी ती धामण असल्याचे सांगितले. धामण बिनविषारी असते, उंदीर-घुशी हे तिचे मुख्य खाद्य, आणि विटांखाली घुशीची बिळे होती. ती पकडून नेण्याची गरज नाही, असे त्यांचेच मत पडले आणि थोड्या वेळाने ती कुंपणाखालून टेकडीकडे निघून गेली. सासूबाईंनी दुधाची वाटी बाहेर ठेवण्याचा विषय काढला तेव्हा त्या गृहस्थांनी फार आदराने समजावले की दूध हे सापाचे अन्न नाही आणि त्याला ते पचत नाही. तेव्हापासून नैवेद्य पाटावरच्या नागाला दाखवला जातो आणि विटांचा ढीग जागचा हलवला जात नाही. त्या दिवशी जमिनीत कुदळ घालायची नाही, ही जुनी शिस्त मला मनापासून पटते, कारण ऐन पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यामुळे बाहेर पडलेल्या सापांना एक दिवस तरी त्यातून अभय मिळते.

शनिवार पेठ

माझे माहेर शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात होते. वैशाखात कोकणातून आंब्यांच्या पेट्या आल्या की माळ्यावर भाताचा पेंढा पसरून अढी घातली जाई. आंबे देठाकडून खाली ठेवायचे, एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत आणि रोज संध्याकाळी हात फिरवून पिकलेले वेगळे काढायचे, हे काम आजीचे असे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने आंबा आणि पाण्याचा कुंभ दिल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडात घालत नसे. हा नियम फक्त एक सभासद पाळत नव्हता, आणि तो कौलांखाली राहणारा होता.

रात्री दिवे मालवल्यावर कौलांवर पावले वाजत. मांजरापेक्षा जड, पण उंदरांसारखी धावती नाहीत. सकाळी अढीच्या कडेला अगदी पुरता पिकलेला एखादा आंबा कोय उघडी पडेपर्यंत खाल्लेला असे, आणि कच्च्या आंब्यांना दातही लागलेला नसे. आजोबांनी एकदा पहाटे कंदील धरून आम्हा भावंडांना ते जनावर दाखवले: काळपट अंग, लांबलचक शेपूट, तोंडावर गडद पट्टा. ते उदमांजर होते. पुण्याच्या पेठांत जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि मोठ्या झाडांच्या ढोल्यांत ही उदमांजरे राहत आली आहेत. ती निशाचर असतात, पिकलेली फळे, उंदीर आणि किडे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून उंबरासारख्या फळांच्या बिया दूरवर जाऊन पडतात.

शेजारच्या बिऱ्हाडातून पिंजरा लावण्याची सूचना आली होती. आजीने ती मानली नाही. तिचे म्हणणे असे की त्या वर्षी माळ्यावरच्या धान्याच्या पोत्यांना उंदीर लागलेला नाही, त्याची मजुरी दोन-चार आंबे असेल तर ती जास्त नाही. तिने फक्त एवढे केले की पिकत आलेले आंबे रोज संध्याकाळी खाली आणून फडताळात ठेवायला सुरुवात केली आणि कच्ची अढी माळ्यावर तशीच राहू दिली. तृतीयेचा रस त्यामुळे निर्वेध झाला. आमच्याकडे रसात साखर घालत नसत. पिकलेला आंबा हाताने पिळायचा, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, चिमूटभर मीठ आणि सुंठपूड घालायची आणि वाढताना वरून साजूक तुपाची धार सोडायची. यंत्रातून फिरवलेला एकजीव रस मला आजही रस वाटत नाही.

वाडा पुढे पाडला गेला आणि तेथे इमारत उभी राहिली. पेठेतल्या एवढ्या माळ्यांवरची उदमांजरे कोठे गेली असतील, हा प्रश्न मला आंब्याच्या दिवसांत दरवर्षी पडतो. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी निदान जुनी झाडे राखली तरी त्यांची सोय होईल, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

कोथरूड

माझ्या बाळंतपणात आई अळिवाचे लाडू करत होती. अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून चांगले फुलू द्यायचे, त्यात ओल्या नारळाचा चव आणि गूळ घालून मंद आचेवर ढवळत राहायचे, मिश्रण कडेने सुटू लागले की जायफळ लावून कोमट असतानाच लाडू वळायचे. ओला नारळ असल्यामुळे ते फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ती थोडे थोडे करत असे. त्याच दिवसांत दाराबाहेरच्या मधुमालतीच्या वेलात, हाताला लागेल इतक्या खाली, लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने वाटीएवढे घरटे बांधले. घरात एक बाळंतीण आणि दारात दुसरी, असे आई सर्वांना सांगत असे.

बुलबुल साधारण दोन आठवडे अंडी उबवतात आणि पिल्ले पुढच्या दोन आठवड्यांच्या आत घरटे सोडतात. आमचे बारसे नेमके त्या काळात येत होते. आईने तारीख बदलली नाही, पण दाराला तोरण लावायचे नाही, वेलावर दिव्यांची माळ सोडायची नाही आणि पाहुण्यांनी जिन्याकडच्या दाराने यायचे, असे तिने आमंत्रणातच कळवले. घुगऱ्या आणि शेवयांची खीर जिन्यातून आत आली, पाळणाही मागच्या खोलीत बांधला. आत्याबाईंना हे थोडे विचित्र वाटले होते. परंतु खिडकीतून पिल्लांच्या उघड्या चोची पाहिल्यावर त्यांनीच मुलांना तेथे गोंगाट करू दिला नाही. पिल्ले उडाली तेव्हा माझी मुलगी जेमतेम मान सावरू लागली होती.

पाषाण

अनुभव छोटासा आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी चक्का पुरणयंत्रातून काढत असताना समोरच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी येऊन बसते, आणि हे पाडव्याच्या सुमारास अनेकदा घडलेले आहे. पुढच्या काही आठवड्यांत फक्त नर दिसतो, कारण मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर तिला एका फटीतून उंबरे भरवतो. हे समजल्यापासून सोसायटीने त्या उंबराची छाटणी पावसाळा सरेपर्यंत करायची नाही असे ठरवले आहे. गुढीच्या गाठीला मुंग्या लागतात, त्यासाठी औषध फवारण्याऐवजी गुढीची काठी पाण्याच्या परातीत उभी करावी.

बिबवेवाडी

वडिलांच्या श्राद्धाला आम्ही मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाची खीर करतो. तांदूळ धुऊन, वाळवून, तुपावर परतून भरडसर वाटायचे आणि दुधात आटवायचे. साखर बेताची, कारण वडिलांना अगोड आवडत असे. केळीच्या पानावर वाढून गच्चीत ठेवले की कावळ्याची वाट पाहणे सुरू होते. हल्ली तो लवकर येत नाही आणि घरातली मोठी माणसे अस्वस्थ होतात. पितर नाराज आहेत, काही इच्छा राहिली आहे, असे बोलले जाते, आणि ज्याचे माणूस गेलेले असते त्याला ते फार लागते.

मला या बाबतीत असे वाटते की कावळ्याला घरटे बांधायला उंच झाडे हवीत, आणि आमच्या भागातली तशी बरीच झाडे गेली. उन्हाळ्याच्या अखेरीपासून तो घरटे करतो, त्याच घरट्यात कोकिळा आपली अंडी घालते आणि कावळाच ती पिल्ले वाढवतो. कावळा गेला तर वैशाखातली कोकिळेची हाकही जाईल. आम्ही गच्चीवर वर्षभर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवतो आणि ते रोज बदलतो. त्यामुळे कावळ्यांना गच्ची परिचयाची झाली आहे आणि श्राद्धाच्या दिवशी आईला फार काळ उभे राहावे लागत नाही. खीर मात्र आम्ही चमचाभरच ठेवतो.

औंध

ज्यांच्याकडे दिवाळीला पाकातले चिरोटे किंवा बुंदी होते, त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या काकांनी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६२) प्रशिक्षण घेतले होते, त्यामुळे घरात माशांविषयी भीतीपेक्षा माहिती अधिक होती. आमच्या इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ असताना बहिणीच्या लग्नासाठी गच्चीवर बुंदीचा घाट घातला होता. पाकाचा वास सुटताच माशा कढईवर घोंघावू लागल्या. आचारी धूर करायला निघाले, तेव्हा काकांनी त्यांना थांबवले, कारण धुराने बिथरलेले आग्या मोहोळ लग्नघरावर तुटून पडले असते. शेगडी खालच्या जाळीच्या खिडक्या असलेल्या खोलीत हलवली, पाकाची पातेली ओल्या पंचांनी झाकली आणि बाकीच्या बुंदीचे काम रात्री केले. कोणालाही डंख झाला नाही.

परसातल्या कढीलिंबावर तळहाताएवढे एकच पोळे दिसले तर ते बहुधा फुलोरी माशीचे असते. ती आग्यासारखी आक्रमक नसते. तिला राहू द्यावे. शेवग्याला आणि लिंबाला शेंगा-फळे धरण्यात तिचा वाटा असतो.

हडपसर – एक विचारणा

आमच्या पेरूवर खारींचे घर आहे आणि नातवंडे त्यांना बेसनाचा लाडू देऊ इच्छितात. द्यावा का?

सहकारनगर – उत्तर

काका, देऊ नये. साखर आणि तूप खारीच्या आहारात नसते, आणि आयत्या अन्नाची सवय लागली की ती माणसाच्या फार जवळ येते व मांजरांच्या तावडीत सापडते. पेरूची वरच्या फांदीवरची फळे मुलांनी तिच्यासाठी सोडावीत, त्यात मुलांनाही आनंद मिळेल. याच निमित्ताने आणखी एक सांगते: प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांना अपायकारक असतात, तेव्हा पूजेनंतर उरलेला शिरा फाटकाबाहेरच्या कुत्र्यांना घालू नये.

सिंहगड रस्ता

आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत कागदी लिंबाचे झाड आहे. राखीपौर्णिमेला माझा भाऊ येतो तेव्हा त्याच झाडाचे लिंबू साखरभातात पडते. श्रावणात या झाडाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या होतात, त्या पुढे हिरव्यागार होतात आणि पाने भराभर संपवतात. माळीदादा औषध मारणार होते; माझ्या शाळकरी मुलीने त्यांना थांबवले, कारण तिला शाळेत नीलवंत फुलपाखराविषयी सांगितले होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखरू घोषित केले आणि असे फुलपाखरू ठरवणारे ते देशातले पहिले राज्य होते. नीलवंताची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आमच्या अळ्यांमधून बहुतेक लिंबाळी फुलपाखरे निघाली, आणि मोठे, काळे, निळ्या पट्ट्यांचे नीलवंत केवळ एकदा, भाऊ ओवाळून घेत असताना, गच्चीच्या दारातून आत डोकावून गेले. तो पाटावरून उठू शकत नव्हता आणि त्याला ते पाहायचे होते, म्हणून औक्षण तेवढ्यापुरते थांबवले.

झाड पाने गमावते, पण मरत नाही. पाऊस ओसरताच नवी पालवी येते. आता आम्ही शेजारी दुसरे रोप लावले आहे आणि एक झाड पूर्णपणे अळ्यांचे मानले आहे. साखरभातासाठी वाटीभर जुना तांदूळ तुपावर लवंगांसह परतून मोकळा शिजवावा आणि परातीत गार करावा. दीड वाटी साखरेचा एकतारी पाक करून त्यात केशर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा, मग भात हलक्या हाताने मिसळून मंद आचेवर झाकून ठेवावा. लिंबाच्या रसामुळे पाकाची पुन्हा साखर होत नाही, म्हणून तो वगळू नये.