४० अंशांच्या उताराच्या तोंडाशी पाय थिजतात: ही भीती घालवावी, की तिचे ऐकावे?

रानजुई (लोझान, स्वित्झर्लंड)

नमस्कार. या विभागात स्कीइंग करणारे बरेच सदस्य आहेत, म्हणून माझा प्रश्न जरा सविस्तर मांडते. माझे वय ४१ आहे आणि गेले आठ हिवाळे मी स्कीइंग करते आहे. उतारांच्या अवघडपणाच्या निळा, लाल, काळा अशा चढत्या रंगश्रेणीतल्या निळ्या आणि लाल उतारांवर मी निर्धास्त असते. काळ्या उतारांपैकीही तीन-चार उतरले आहेत, फार सुबक नसेल, पण न पडता.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पोर्त द्यु सोलेय भागात गेलो होतो. आव्होरियाझच्या बाजूने वर येऊन फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या शाव्हानेतला पोहोचलो. तिथून ले क्रोझेतच्या दिशेने जो उतार सुटतो त्याला सगळे ‘स्विस वॉल’ म्हणतात. एकूण उतार सुमारे एक किलोमीटरचा आहे, पण सुरुवातीचा तुकडा जवळजवळ ४० अंशांचा आहे आणि तो माथ्यावरून दिसतच नाही. पायांपुढे थोडे बर्फ दिसते, मग ते संपते, आणि त्यानंतर नजरेला पडतात ती थेट खूप खाली असलेली ठिपक्यांएवढी माणसे. त्यात भर म्हणजे असंख्य स्कीपटूंच्या वळणांनी तयार झालेले कमरेएवढे बर्फाचे उंचवटे.

मी तिथे वीस मिनिटे उभी होते. माझे यजमान आणि त्यांचे दोन सहकारी उतरून गेले, आणि मी अखेर खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसून खाली आले. तशी सोय तिथे आहे आणि त्या दिवशी माझ्यासारखे आणखीही काही जण तिच्यातून उतरत होते. मला कोणी एका शब्दानेही काही म्हटले नाही. तरीही त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी बिघडले आहे. नेहमीच्या लाल उतारावरही जरा तीव्र भाग आला की मांड्या ताठ होतात, आणि जी वळणे मी विचार न करता घेत असे ती घेताना मी थांबते.

मार्चमध्ये पुन्हा तिकडे जाण्याचे ठरते आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, की ही उणीव तंत्राची आहे की मनाची, आणि दोन महिन्यांत तिच्यावर प्रामाणिकपणे काय करता येईल?

घसारावाट (इन्सब्रुक, मूळ नाशिक)

रानजुईताई, आपण परत फिरलात ते योग्यच केलेत, आणि हे मी समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. याचे उत्तर आकड्यांतच आहे.

ऑस्ट्रियात निळ्या उताराची मर्यादा साधारण २५ टक्के आणि लाल उताराची ४० टक्के मानली जाते. मोजके छोटे तुकडे त्याला अपवाद असतात. टक्के आणि अंश यांत गोंधळ होतो, म्हणून सांगतो: १०० टक्के म्हणजे उभा कडा नव्हे, १०० टक्के म्हणजे ४५ अंश. त्या हिशेबाने लाल उताराचे ४० टक्के म्हणजे जेमतेम २२ अंश होतात. त्यापुढचे सारे काही काळे, आणि काळ्याला वरची मर्यादाच नाही. २४ अंशांचा उतारही काळा आणि ३८ अंशांचाही काळाच. आपण उतरलेले तीन-चार काळे उतार बहुधा २५ ते २८ अंशांचे असणार. तिथून एकदम ४० अंशांच्या तोंडाशी उभे राहणे म्हणजे मधल्या साऱ्या पायऱ्या गाळून गच्चीवर जाण्यासारखे आहे.

मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, त्यामुळे आणखी एक हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. २२ अंशांवर आपल्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आपल्याला उताराच्या दिशेने ओढतो. ४० अंशांवर तो ६४ टक्के होतो. त्याच वेळी स्कीला बर्फावर दाबून धरणारा भाग ९३ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे ओढ वाढते आणि पकड कमी होते, दोन्ही एकदम. आपल्या मांड्यांना हे गणित न मांडताच कळलेले असते.

आता तंत्राकडे वळतो. तीव्र उतारावर घाबरलेले शरीर डोंगराकडे झुकते, कारण डोंगर सुरक्षित वाटतो आणि दरी असुरक्षित. नेमके तेच घात करते. वजन वरच्या अंगाला गेले की खालच्या स्कीची कड बर्फातून सुटते आणि माणूस कुशीवर आपटतो. आपल्यापैकी ज्यांनी सह्याद्रीत पायपीट केली आहे त्यांना याची ओळख आहे. मुरमाड घसाऱ्यावर नवखा माणूस मागे रेलतो, बूड टेकवायला बघतो, आणि त्याचेच पाय सटकतात. जो वजन सरळ पायांवर ठेवून छोटी पावले टाकतो तो उतरून जातो. स्कीवर तर त्याहून एक पाऊल पुढे जावे लागते. छाती आणि दोन्ही खांदे दरीकडे, वजन खालच्या स्कीवर, आणि वळणे फक्त कमरेखाली. खालच्या बाजूची काठी आपल्याला वाटते त्याहून बरीच खाली टेकवली, की खांदा आपोआप दरीकडे जातो. ही एक सवय लागली तरी निम्मे काम झाले असे मी मानतो.

सरावासाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि ती म्हणजे आडवे घसरणे. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा हळूच सोडायच्या, दोन मीटर खाली घसरायचे, कडा पुन्हा रोवून थांबायचे. मग तेच थोडे पुढे सरकत, थोडे मागे सरकत, झाडाचे पान डुलत खाली येते तसे. लाल उताराच्या सर्वांत तीव्र तुकड्यावर सुरुवात करून, नंतर ३० अंशांच्या काळ्या उतारावर हे दोन्ही बाजूंनी जमले, की माणसाला मनोमन कळते की वळण घेता आले नाही तरी आपण या उताराला अडकलेलो नाही. भीती बहुतांशी अडकण्याची असते.

मार्चपूर्वी एकदा इकडे झिलरटालमध्ये येता आले तर मायरहोफेनच्या पेनकेन डोंगरावरचा हाराकिरी उतार पाहावा. तो ७८ टक्के, म्हणजे सुमारे ३८ अंशांचा आहे, पण रोज यंत्राने सपाट केलेला असतो. बर्फ दाबणारे ते यंत्रही तारेच्या दोराने वर बांधूनच चालवावे लागते. उंचवट्यांची कटकट नसल्यामुळे तीव्रतेची सवय करून घेण्यास तो बरा.

देवदारछाया (बोल्डर, कोलोरॅडो)

घसारावाट यांच्या उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, मात्र शेवटच्या परिच्छेदाशी मुळीच नाही, आणि ही बाब जिवाशी गाठ घालणारी असल्यामुळे स्पष्ट लिहिते.

सपाट केलेला ३८ अंशांचा उतार दिसायला सोपा असतो, परंतु रात्री गोठून कडक झालेल्या अशा उतारावर पडलेल्या माणसाला अडवायला काहीच नसते. गुळगुळीत कपड्यांवर शरीर काही क्षणांत स्कीइंगच्या वेगाने घसरू लागते आणि थेट तळाशी जाऊन थांबते. उंचवट्यांच्या उतारावर वळणे कठीण असतात हे खरे, पण तेच उंचवटे पडलेल्याचा वेग मोडतात, आणि प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर थांबून श्वास घेता येतो. म्हणून रानजुई यांनी हाराकिरीला जायचेच ठरवले, तर बर्फ मऊ असेल त्या दिवशी आणि ऊन पडून कडकपणा गेल्यावरच जावे. सकाळी आठ वाजताचा आणि अकरा वाजताचा तोच उतार हे दोन वेगळे उतार असतात.

पडल्यावर काय करायचे याचा सरावही आधी झाला पाहिजे, आणि तो सौम्य उतारावर करता येतो. पहिल्या एक-दोन सेकंदांतच सारे ठरते. पाय फिरवून दरीच्या बाजूला आणायचे, स्की उताराला आडव्या करायच्या आणि कडा रोवायच्या. स्की निघून गेल्या असतील तर पालथे होऊन हात आणि बुटांची टोके बर्फात दाबायची. स्की केव्हा सुटाव्यात हे बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, मापावर अवलंबून असते, आणि ते माप दुकानातील तंत्रज्ञाकडून वजन, उंची, बुटाची लांबी आणि कौशल्य सांगूनच लावून घ्यावे. तीव्र उतार आहे म्हणून स्वतःच्या मनाने ते घट्ट करू नये. कडांना धार मात्र अवश्य लावून घ्यावी. बोथट कडांवर कडक बर्फात उत्तम तंत्रही फुकट जाते.

माघारीविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते. वायोमिंगमधील जॅक्सन होल येथे कॉर्बेट्स कुलुआर नावाची प्रसिद्ध घळ आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती बर्फाने भरलेली आणि वरून उडी मारून आत शिरायची अशी कल्पावी. बॅरी कॉर्बेट या गिर्यारोहकाने ती १९६० मध्ये हेरली आणि १९६७ मध्ये लॉनी बॉल या स्की-पेट्रोलच्या (उतारांवरच्या सुरक्षा पथकाच्या) सदस्याने ती पहिल्यांदा उतरून दाखवली. बर्फ किती साठले आहे त्यावर आत शिरतानाची उडी लहान किंवा मोठी होते. मी तीन वेगवेगळ्या हिवाळ्यांत तिच्या ओठावर उभी राहिले आणि तिन्ही वेळा परतले. त्या तिन्ही दिवशी मी उरलेला डोंगर मनसोक्त उतरले. रानजुई, लाल उतारावर आता जे होते आहे ते माझ्याही बाबतीत पहिल्या माघारीनंतर झाले होते, आणि त्याचे कारण मला पुढे उमगले. मी माघारीला पराभव समजून दिवसभर तोच क्षण मनात घोळवत होते आणि प्रत्येक उताराला त्याची परीक्षा द्यायला लावत होते. आठवडाभर मुद्दाम निळ्या उतारांवर हळू, मोठी, सैल वळणे घेतली तेव्हा मांड्या मोकळ्या झाल्या.

अफरवत (पुणे)

मी युरोपातील उतार पाहिलेले नाहीत, परंतु गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत शिकलो आणि त्यानंतर सात हिवाळे तिथे जातो आहे, त्या आधारावर एक भेद मांडतो.

आपण ज्या भीतीविषयी लिहिले आहे ती राखलेल्या उतारावरची आहे, जिथे कडेला हद्द दाखवणारे खांब आहेत आणि हिमस्खलनाचा विचार दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेला आहे. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो आणि तिथून पुढचे बहुतेक उतार मोकळे, यंत्राने न दाबलेले आहेत. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे ज्या तीव्रतेची आपण इथे चर्चा करतो आहोत नेमक्या तिच्यातच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. तिथल्या तरुण वाटाड्यांना माथ्यावर उभे राहून, बर्फ काठीने चाचपून, एक शब्दही न बोलता दुसरी धार पकडताना मी अनेकदा पाहिले आहे. त्यांचे कौशल्य माझ्या दहापट आहे, तरीही ते वळतात. तेव्हा आपल्या शीर्षकातील प्रश्नाला माझे उत्तर असे, की खांबांच्या आतली भीती सरावाने कमी करावी आणि खांबांच्या बाहेरची भीती कधीही कमी होऊ देऊ नये.

तीव्र उतारावरचे स्कीइंग ज्यांच्यामुळे ओळखले जाऊ लागले ते स्विस स्कीपटू सिल्व्हँ सोदाँ यांचे या निमित्ताने स्मरण होते. त्यांनी १९६७ मध्ये शामोनीजवळची स्पेन्सर घळ उतरली आणि १९७७ मध्ये आपल्याकडील ७,१३५ मीटर उंचीच्या नुन शिखरावरून ते स्कीवर खाली आले. त्यांचे वळण पाहण्यासारखे होते: वेग न घेता, गाडीच्या काचेवरचा वायपर फिरावा तसे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. इतक्या उभ्या उतारावरही त्यांनी आधी वेगाला लगाम घातला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रानजुई (लोझान, स्वित्झर्लंड)

तिघांचेही मनापासून आभार. २२ आणि ४० अंशांतले अंतर वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. गेले वर्षभर मी स्वतःला भित्री समजत होते, आणि मधल्या पायऱ्या मी पाहिल्याच नव्हत्या हे कोणी सांगितले नव्हते.

जानेवारीअखेर दोन दिवस प्रशिक्षकाबरोबर ठरवले आहेत. आधी आडवे घसरणे, मग ३० अंशांच्या आसपासचा एक काळा उतार, आणि हाराकिरी या वर्षी नाही. एक शेवटची शंका आहे. शाव्हानेतला मी पुन्हा तोंडाशी उभी राहिले आणि जायचे ठरवले, तर पहिले वळण कसे घ्यावे? उभ्या स्थितीतून एकदम वळायला शरीर तयारच होत नाही. आणि यजमानांनी माझ्या पुढे राहावे की मागे?

घसारावाट (इन्सब्रुक, मूळ नाशिक)

देवदारछाया यांची हाराकिरीविषयीची सूचना मला मान्य आहे. मी बर्फाच्या स्थितीचा उल्लेख करायला हवा होता.

पहिले वळण उभ्याने घेऊच नये. आधी कडा सोडून दोन-तीन मीटर आडवे घसरावे, म्हणजे शरीर हलते होते आणि बर्फ कसे आहे तेही पायांना कळते. त्या घसरण्यातूनच काठी खाली टेकवून वळावे. वळणानंतर लगेच कडा रोवून थांबले तरी चालते. एक वळण, एक थांबा, असे दहा वेळा केले तरी तो उतार उतरल्यासारखाच आहे. नजर पुढच्या दोन वळणांच्या जागेवर ठेवावी, तळाच्या माणसांवर नाही. तोंडाशी फार वेळ उभे राहू नये. बर्फ पाहून झाले, निर्णय झाला, की पाच मिनिटांच्या आत एकतर निघावे किंवा लिफ्टकडे वळावे.

यजमानांनी आधी उतरून सुमारे पन्नास मीटर खाली, आपल्याला दिसतील असे, उताराच्या कडेला थांबावे. आपल्या सरळ रेषेत खाली उभे राहू नये, कारण आपण घसरलात तर दोघेही जाल. आणि त्यांनी वर पाहत ओरडून सूचना देऊ नयेत, हे त्यांना आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवावे.