बाबांचं हिमोग्लोबिन ७.९, एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा अनुभव हवा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. बाबा ७१ वर्षांचे. रोज संध्याकाळी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येणारे बाबा आता घरचा जिना चढताना मध्येच कठडा धरून उभे राहतात. परवा डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून दाखवली. आत लाली अशी नाहीच, कणकेसारखा रंग.

हिमोग्लोबिन ७.९, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा) ३.६. चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, आकडा जागचा हलला नाही. आत्या सकाळी बिटाचा रस देते, रात्री पालक. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा, मात्र ३१० आलं, म्हणजे साठा कमी दिसत नाही. मग रक्त का वाढेना?

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मोठ्या माणसात रक्तपेशी कंबरेचं हाड, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड यांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट्स, सगळ्या एकाच प्रकारच्या मूळपेशींपासून. पण लाल पेशी किती करायच्या, हे मज्जेला कळतं ते मुख्यतः मूत्रपिंडाकडून. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडतं, मग मज्जा कामाला लागते. बाबांच्या किडन्या थकल्यात, तो निरोपच पुरेसा जात नाही. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, किडनीच्या आजारात त्याहून कमी. जुन्या जातात, तेवढ्या नव्या येत नाहीत. त्यांच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मात्र ठीक आहेत.

आता तेच एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनने, पोटाच्या कातडीखाली, आठवड्यातून एकदा द्यायचं म्हणतात. हिमोग्लोबिन ११च्या आसपास ठेवायचं, फार चढवलं तर गुठळ्या आणि पक्षाघाताची भीती. बीपीही वाढू शकतं.

तुमच्या घरी कुणाला हे इंजेक्शन चालू आहे का? धाप कमी व्हायला किती आठवडे लागले? बीपी घरी रोज मोजत होतात का? इंजेक्शन घरीच टोचायला शिकलात का? मला सुईची भीती नाही, पण बाबांना माझ्या हातून दुखेल याची आहे.

आणि एक. पोटॅशियम वाढतं म्हणून बीट-पालक बंद करायला सांगितलंय. आत्याने कालही पेला भरून आणला, बाबांनी "नको" म्हटल्यावर तशीच तो हातात घेऊन उभी राहिली. तिला न दुखवता कसं सांगू? त्याऐवजी तिने बाबांसाठी काय करावं, हेही कुणी सुचवलंत तर बरं होईल.