मदत हवी आहे: मूल एका पालकाला नाकारतं तेव्हा अहवालात काय लिहावं?

मुलाच्या ताब्याच्या वादात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात द्यायच्या अहवालाबद्दल विचारायचंय. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये मांडलेला ‘पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम’ (एका पालकाने पढवल्यामुळे मूल दुसऱ्याला विनाकारण नाकारतं, ही कल्पना) डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीत आजार म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात मात्र त्याचा उल्लेख आहे, म्हणून वकील थेट निदानच मागतात.

मारहाण, दुर्लक्ष, व्यसन हे आधी तपासायलाच हवं. ते तपासायचं राहिलं तर मुलाची खरी भीती ‘पढवलेली’ ठरते आणि मूल पुन्हा त्याच घरात जातं. नऊ वर्षांचं मूल ‘बाबांनी पोटगी बुडवली’ म्हणतं, पण स्वतः पाहिलेला एकही प्रसंग सांगू शकत नाही, तेव्हा शब्द मोठ्यांचे वाटतात. तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढणं घातकच.

प्रत्येक पालकासोबत मुलाचं निरीक्षण तुम्ही किती वेळा करता? मराठीतली मुलाखतीची प्रश्नावली कुणाकडे आहे का?