क्राइम मालिकेतली मानवी तस्करी: काळी व्हॅन सोडून काय दाखवावं?

सिंदफणाकाठ: बीड-जालना पट्ट्यावर मालिकेचा एक भाग लिहायला घेतलाय. टीव्हीवर ठरलेलंच असतं: काळ्या काचांची व्हॅन, नाकावर रुमाल, शेवटी इन्स्पेक्टर एकटाच दार तोडतो. आपल्याकडं हे खरं कसं घडतं? धाडीत काय चुकीचं दाखवतात?

कोयता_हिशेब: आधी तो रुमाल काढा. क्लोरोफॉर्मनं माणूस दोन सेकंदांत आडवा होत नाही, काही मिनिटं हुंगवावं लागतं. आणि त्याची गरजही पडत नाही. नेणारा बहुतेकदा ओळखीचा: पाहुणा, गावातला दलाल, बिनहुंड्याचं स्थळ आणणारी बाई. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये अपहरणासोबत फसवणूक आणि आमिषही येतं, आणि पीडितेची संमती होती हा बचाव चालत नाही. पोरगी आपल्या पायानं, हसत एसटीत चढते, तेवढंच दाखवा. अंगावर काटा येईल.

ऊसतोड घेणार असाल तर जपून. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन तोडीला जाते. प्रत्येक उचल म्हणजे तस्करी नव्हे. पण पट्टा पडल्यावरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, ‘उचल फिटली नाही’ म्हणून लेकराबाळांसकट अडकवून ठेवलं, की 1976 चा वेठबिगारी कायदा आला. कॅमेरा मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीवर न्या: आकडे त्याच्या हातचे, खाडे त्यानंच मांडलेले, खाली अंगठा मजुराचा.

पंचनामा: धाडीचं सांगतो. ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, वेश्याव्यवसायासाठीच्या तस्करीवरचा. त्याच्या कलम 15 प्रमाणे विनावॉरंट झडतीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यात एक तरी बाई, शिवाय किमान दोन महिला पोलीस. एकट्या इन्स्पेक्टरची धाड कोर्टात टिकवणं अवघड. पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहितात. जप्त नोट जुळली नाही की बचावाचा वकील तिथंच धरतो. आणि सोडवलेल्या बायकांना आरोपींसारखं रांगेत बसवून चेहरे दाखवणं कृपा करून टाळा.

दाखला_खारीज: वयाचा प्रसंग कुणीच नीट लिहीत नाही. मालिकेत डॉक्टर एक्स-रे बघून ‘सोळा’ म्हणतो. बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा दाखला मागतं, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसले तरच हाडांची चाचणी. तिच्यातही दोनेक वर्षं इकडंतिकडं होतात, आणि सतरा की एकोणीस यावर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) लागतो की नाही ते ठरतं. अल्पवयीन असेल तर 24 तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. ऊसतोड टोळीबरोबर फिरणाऱ्या पोरीचा दाखला दोनशे किलोमीटरवरच्या शाळेत. तो आणायला कोण जातं, यावर एक अख्खा सीन निघेल.